पुष्पावतीबाईंचा मुका वर्ग

१९७१ सालच्या जूनमध्ये पुष्पावतीबाई आमच्या गावात आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि नेमणुकीचा कागद एवढंच होतं. एस.टी.तून उतरताच पारावरच्या मंडळींनी त्यांना विचारलं, गाव कुठलं, आडनाव काय, मालक काय करतात, पोरंबाळं किती. शाळेत शिकवणार काय, हे कुणी विचारलं नाही. शाळेत शाळा शिकवतात, त्यात काय विचारायचं!

गावाचं नाव मी लिहीत नाही. कोपरगावपासून नऊ-दहा मैलांवर, कालव्याच्या पाण्यावर पोसलेलं, उसाचं गाव. माझे वडील, काकासाहेब पाटील, तेव्हा सरपंच होते. मी पहिलीत होते. म्हणजे या हकिकतीत मी कुठं उभी होते ते आधीच कळलेलं बरं. मी चुकीच्या बाजूला होते, आणि बक्षीसही मलाच मिळालं.

मालक काय करतात या प्रश्नाला बाईंनी सरळ उत्तर दिलं, "त्यांनी दुसरी केली. मी केडगावला भावाकडं असते." असलं काही सांगायचं तर बाईमाणसानं मान खाली घालावी, पदराशी चाळा करावा, अशी पारावरची अपेक्षा होती. बाईंनी ट्रंक उचलली आणि शाळेचा रस्ता विचारला. तिथंच निम्मं गाव त्यांच्यावर नाराज झालं.

नगरजवळच्या या केडगावात भावाचं सायकलींचं दुकान होतं. नांदायचं सुटलेली नणंद जन्मभर चुलीपाशी बसणार, त्यापेक्षा दोन वर्षं ट्रेनिंग कॉलेजात बसलेली बरी, हे भावाला त्याच्या बायकोनं पटवलं. पुढं बाईंना नोकरी लागली, आणि स्त्रीशिक्षणाला उत्तेजन दिलं म्हणून केडगावच्या कुठल्याशा मंडळानं भावाला हार घातला. हे बाईंनीच मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना हसल्या.

शाळेत तोवर एकटे राधाकृष्ण गुरुजी होते. तेच हेडमास्तर, तेच शिपाई. गुरुजींची एकच पद्धत होती, आणि ती कालव्यापर्यंत ऐकू जायची. सकाळी भिंतीवर तक्ता टांगायचा, छडी टेकवायची आणि ओरडायचं, "अ अननसाचा!" आम्ही पस्तीस पोरं ओरडायचो, "अ अननसाचा!" मग आ आईचा, इ इमारतीचा, ई ईडलिंबाचा, असं करत ज्ञ पर्यंत. ज्ञ झाला की परत अननस. आमच्या पंचक्रोशीत अननस कुणी पाहिलेला नव्हता. एकदा एका पोरानं विचारलं, "गुर्जी, अननस म्हंजी काय?" गुरुजी म्हणाले, "अ!" पोर खाली बसलं.

आयाबायांना ही पद्धत पसंत होती. शेतात खुरपताना शाळेचा कल्ला कानावर आला की त्यांना वाटायचं, आपलं लेकरू शिकतंय. कल्ला थांबला की वाटायचं, गुरुजी जेवायला गेले. गुरुजींनाही हे ठाऊक होतं. ते जेवायला जाताना एका मोठ्या पोराला तक्त्यापाशी उभं करून जात.

त्या वर्षी पहिलीचा पट सत्तरच्या वर गेला म्हणून पुष्पावतीबाईंची नेमणूक झाली. गुरुजींनी वर्गाचे दोन भाग केले. गावठाणातली, धुतलेल्या सदऱ्याची पोरं स्वतःकडं ठेवली. मळ्यातली, वस्तीवरची, सालगड्यांची पोरं बाईंना दिली. "तुमी नव्या हायेत," गुरुजी म्हणाले, "हलक्या हातानं सुरुवात करा." मी अर्थातच गुरुजींकडं.

बाईंनी पहिल्या दिवशी तक्ता टांगलाच नाही. व्हरांड्यात मुलांना गोल बसवलं आणि एकेकाला विचारलं, "तुला कशाचं नाव लिहिलेलं बघायचंय?" पोरं एकमेकांकडं बघू लागली. कुणी कधी असं विचारलेलं नव्हतं. मग एकजण म्हणालं, "मका." एक पोरगी म्हणाली, "माजी आजी." मच्छिंद्र नावाचा पोरगा होता, आमच्याच सालगड्याचा. त्याचे आईबाप पूर्वेकडून ऊस तोडायला आले आणि आमच्या मळ्यात सालानं राहिले. तो म्हणाला, "बकरी." बाईंनी चहाच्या खोक्याचे पुठ्ठे कापून आणले होते. त्यावर काळ्या शाईनं मोठ्या अक्षरांत ज्याचं त्याला लिहून दिलं. मच्छिंद्रनं 'बकरी'चा पुठ्ठा बकरीला नेऊन दाखवला. बकरीनं त्याचा कोपरा खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो रडत आला, बाईंनी नवा पुठ्ठा दिला, आणि म्हणाल्या, "आता दुसरं काय बघायचंय?" तो म्हणाला, "माजी माय." मायचं नाव रतन. रतनबाई.

असं करत पोरांच्या खिशांत पुठ्ठे जमत गेले. मग बाई शब्द मोडायच्या. बकरीचा क घे, रतनचा र घे, त्यापुढं आणखी काय लावता येईल बघ. ग, म, भ, न ही वळायला सोपी अक्षरं त्या वाळूत बोटानं काढून घ्यायच्या. ग आणि म आले की उलटसुलट लावून 'मग' होतं, म आणि न लावले की 'मन'. या सगळ्यात ओरडायला वावच नव्हता. पोरं वाळूत डोकी घालून बसलेली असायची, आणि वर्ग मुका.

गावाला हे सहन होईना. एकीकडं गुरुजींचा वर्ग गाव दणाणून सोडतोय, आणि पलीकडं चिडीचूप. "बाई पोरांला निजवती काय?" असं बाया एकमेकींना विचारू लागल्या. त्यात शनिवारच्या कणकेची गोष्ट पसरली.

बाई राहायच्या गोजरबाईच्या परसातल्या खोलीत. गोजरबाई एकटी, विधवा, आणि गावातली खबर विहिरीवर पोचवण्याचं काम बिनचूक करणारी. शनिवारी अर्धी शाळा सुटली की बाई सात-आठ पोरांना खोलीवर बोलवायच्या, स्वतःच्या डब्यातली कणीक भिजवायच्या, आणि पोरं त्या कणकेची अक्षरं वळायची. ओळखलं ते अक्षर तव्यावर भाजायचं आणि गुळाबरोबर खायचं. ओळखलं नाही तर पुन्हा मळायचं. वस्तीवरच्या पोरांना गहू सणासुदीला दिसायचा, तेव्हा ओळखण्याची घाई केवढी असेल ते समजून घ्यावं.

गोजरबाईनं विहिरीवर सांगितलं, "बया, बाई पोरांला अक्षरं भाजून खायला घालती!"

ही बातमी दुपारपर्यंत गुरुजींकडं पोचली. गुरुजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "विद्या पोटात गेली तर डोक्यात काय राहणार?" हे वाक्य गावाला फार खोल वाटलं. आठ दिवस जो तो ते दुसऱ्याला ऐकवत होता.

शेवटी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाईंना घरी बोलावलं. दादा चौथी पास. सही झोकदार करायचे. सहीच्या शेवटी एक शेपूट काढायचे, ते कागदाच्या कडेपर्यंत जायचं. त्या सहीच्या जोरावर शिक्षण या विषयावर गावात त्यांचा शब्द अखेरचा असे. मी दाराआडून ऐकत होते.

"बाई," दादा म्हणाले, "तुमच्या वर्गाचा आवाज येत न्हाई."

"पोरं कामात असतात, काकासाहेब."

"गुर्जींचा वर्ग कालव्यापातूर ऐकू येतो. तुमच्या पोरांला अ येत न्हाई म्हनत्यात. खरं हाय का?"

"अजून लागला नाही. लागला की येईल."

"अ लागला न्हाई?" दादांनी तंबाखू मळायची थांबवली. "बाई, अ पसनं सुरुवात हुती. आमच्या बापजाद्यापसनं हुती. तुमी मदीच कुठंबी हात घालायला लागला तर कसं हुयाचं?"

"काकासाहेब, पहिल्या महिन्यात पोर दोन-चार शब्द वाचतं. स्वतः, कुणी न सांगता."

दादांनी खराच विचार केला आणि विचारलं, "पयल्या म्हयन्यात वाचून त्याला जायचंय कुठं?"

  बाई म्हणाल्या, "तुम्ही परीक्षा घ्या. दोन्ही वर्गांची. सगळ्यांसमोर घ्या."

परीक्षा म्हटल्यावर दादांना बरं वाटलं. परीक्षा म्हणजे सभा, सभा म्हणजे खुर्ची, आणि खुर्ची म्हणजे ते. सव्वीस जानेवारीचा मुहूर्त ठरला. चावडीपुढं झेंडावंदन झालं की समोर आमच्याच ओसरीवर परीक्षा आणि त्यानंतर चहा.

गुरुजींनी आपल्या वर्गातून मला निवडलं. माझं पाठांतर पक्कं होतं, शिवाय मी सरपंचाची लेक. महिनाभर त्यांनी मला एका दमात अ ते ज्ञ म्हणायला लावलं. मग उलटं, ज्ञ ते अ. हे उलटं म्हणणं त्यांचं खास राखीव अस्त्र होतं. एवढं सगळं म्हणता येत असून एक गोष्ट मला येत नव्हती, आणि ती येत नाही हेही मला माहीत नव्हतं. अक्षर एकटं समोर आलं तर मला ते ओळखू यायचं नाही. तक्त्यावर ती सगळी ओळीनं, एकमेकांच्या शेजारी उभी असत. एखादं एकटं, वाट चुकलेलं अक्षर मला कधी भेटलंच नव्हतं.

सव्वीस जानेवारीला ओसरी भरली. मी नवं परकर-पोलकं घालून उभी राहिले, दम घेतला आणि म्हटलं. सरळ म्हटलं, उलटं म्हटलं. उलटं म्हणताना तर माणसं श्वास रोखून बसली होती. टाळ्या पडल्या. दादांनी इकडंतिकडं पाहिलं, म्हणजे सगळ्यांनी आपल्याकडं पाहावं म्हणून.

"मी हिला एक अक्षर दाखवू का?" बाईंनी विचारलं.

गुरुजी म्हणाले, "क्रम मोडू नका म्हंजी झालं." पण तोवर बाईंनी माझ्यापुढं पाटी धरली होती. पाटीवर म होता. एकटा.

मी पुटपुटत अ पासून सुरुवात केली. वर्गात गुरुजी तक्त्यावर छडी टेकवून विचारायचे तेव्हा बरोबर अक्षर आलं की त्यांची मान हलायची, तिथं आम्ही थांबायचो. बाईंची मान हलेना. मी आ, इ, ई करत पुढं पुढं गेले, कुणी थांबवेना, क गेला, प गेला, आणि शेवटी पुढं जायला जागाच उरली नाही तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "ज्ञ!"

पुन्हा टाळ्या पडल्या. सगळ्यात अवघड अक्षर सांगितलं होतं ना मी.

आता बाईंची पाळी. त्यांनी मच्छिंद्रला पुढं केलं. गुरुजी म्हणाले, "पुस्तक नको. पुस्तक पाठ करून घेतलेलं असंल." पाठांतराचा असा संशय गुरुजींनी घ्यावा याचं कुणालाच काही वाटलं नाही. दादा म्हणाले, "मग ही पाटी वाचू द्या की!" आणि त्यांनी बोट वर केलं.

आमच्या दारावर निळ्या पत्र्याची पाटी होती. दादा सरपंच झाले तेव्हा कोपरगावच्या एका रंगाऱ्याकडून करून आणलेली, पिवळ्या अक्षरांची. चार वर्षं ती तिथं होती. तिच्याखालून तहसीलदार गेले होते, शाळा तपासणारे साहेब गेले होते, गुरुजी रोज चहाला जात होते. दादा तर बाहेर निघताना तिच्याकडं एकदा बघूनच निघायचे.

मच्छिंद्रनं मान वर केली. एकेका अक्षरावर बोट हवेत टेकवत तो वाचू लागला. "का... का... सा... हे... ब. काकासाहेब. भि... मा... जी. पा... टी... ल."

 सालगड्याचं पोर, नाकाला शेंबूड, आणि सरपंचाचं पूर्ण नाव बापासकट घेतंय. कुणीतरी म्हणालं, "नाव तर त्याला ठावंच आसंल." मच्छिंद्र पुढच्या ओळीवर गेला. "बा... गा... य... त... दा... र. बागायतदार. शे... क... त... री."

हशा पिकला. "आरं, शेतकरी!" मागून दोघं-तिघं ओरडले. "शेतकरी म्हन!"

मच्छिंद्रनं पुन्हा वर पाहिलं. ओठ हलले. मग म्हणाला, "न्हाई. शेकतरी."

आणखी मोठा हशा. गुरुजी हसता हसता खोकले. बाईंना तोवर पोराला 'चुकलं का रे' म्हणून सावरायची घाई झाली होती. त्यांनी पाटीकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या तेव्हा गप्प बसल्या असत्या तर सगळं निभावलं असतं. पोर एका शब्दाला चुकलं, बाकी बरं वाचलं, असं म्हणून चहा झाला असता. बाईंना गप्प बसता यायचं नाही. नवऱ्यानंही त्यांच्याविषयी हीच तक्रार केली होती.

"तो बरोबर वाचतोय," बाई म्हणाल्या. "पाटीवर शेकतरीच लिहिलंय."

हशा थांबला. सगळ्यांनी माना वर केल्या. मी दादांकडं पाहत होते. त्यांचे डोळे पाटीवर होते.

"गुर्जी," दादा म्हणाले, "वाचा."

गुरुजींनी चष्मा पुसला, लावला, पाटी पाहिली, दादांकडं पाहिलं. "शेतकरी," ते म्हणाले. "स्वच्छ शेतकरी."

मग ज्याला त्याला विचारण्यात आलं. सोसायटीच्या सेक्रेटरीनं शेतकरी वाचलं. पोस्ट सांभाळणाऱ्यानं शेतकरी वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी तर डोळे बारीक करकरून शेतकरी वाचलं. तरी बाई हलेनात तेव्हा दादांनी ग्रामपंचायतीत करतात तसं केलं. म्हणाले, "ज्यास्नी शेतकरी दिसतंय त्यांनी हात वर करा."

झाडून सगळे हात वर गेले. मीही केला. माझ्या हातात बक्षिसाचा नारळ होता, म्हणून डावा केला.

खाली मच्छिंद्र एकटा रडकुंडीला येऊन सांगत होता, "पर बकरीचा क आदी हाय! आन् मंग मायचा त हाय! बघा की!"

गर्दीतून रतनबाई आली. तिचाही हात वर होता. तोच हात तिनं पोराच्या पाठीत घातला. "मालकाच्या पाटीला नावं ठिवतूस व्हय रं?" म्हणाली आणि त्याला ओढत घेऊन गेली. तो मायचा त दाखवत होता, आणि माय त्याला फरफटत नेत होती. बाई मागोमाग दोन पावलं गेल्या, मग थांबल्या. चहा कुणी त्यांना दिला नाही.

दुपारी घर निजल्यावर मी ओसरीवर आले तर दादा तिवईवर चढून पाटीपुढं उभे होते. एक बोट अक्षराखाली सरकवत होते, मच्छिंद्रसारखंच. शे, क, त, री. मग परत सुरुवातीला. आई दारात आली आणि म्हणाली, "काय बगताय?" दादा म्हणाले, "जाळं झालंय." आणि खांद्यावरच्या पंच्यानं पाटी पुसली.

चार दिवसांनी रंग उडाला म्हणून पाटी उतरवली गेली. ती रंगून परत आली तेव्हा त्यावर शेतकरी होतं. पुढं मार्केटात, लग्नात, बैठकीत दादा सांगायचे, "रंगारी लई बेरकी. शेकतरी लिवलं हुतं गड्यानं. माज्या डोळ्यानं धरलं म्हनून!" ऐकणारे म्हणायचे, काकासाहेबांची नजर बारीक. गुरुजी तिथं असले तर मान हलवायचे.

मला मात्र त्या दिवसानंतर चैन पडेना. एका पोराला जे दिसलं ते मला का दिसलं नाही? नारळ जिंकूनही मला हरल्यासारखं का वाटतंय? आमच्याकडून गोजरबाईला रोज संध्याकाळी तांब्याभर दूध जायचं. ते न्यायचं काम मी मागून घेतलं. दूध गोजरबाईला दिलं आणि परसात जाऊन बाईंच्या उंबऱ्यावर उभी राहिले.

बाई तांदूळ निवडत होत्या. आता ही बाई मला टोमणा मारणार म्हणून मी तयारच होते. त्यांनी विचारलं, "तुझं नाव काय?"

"विजयमाला."

"बघायचंय?"

त्यांनी पुठ्ठा घेतला आणि लिहिलं. मग कात्रीनं पाच तुकडे केले. वि, ज, य, मा, ला. तुकडे उलटेपालटे करून जमिनीवर टाकले आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मी किती वेळ तिथं बसले होते कोण जाणे. शेवटी तुकडे लागले. गोजरबाई मध्येच डोकावून गेली होती, तेव्हा उद्या विहिरीवर काय होणार ते कळत होतं. पण का कोण जाणे, या एका खबरीवर तिनं कधी तोंड उघडलं नाही.

मी ते तुकडे पोलक्यात लपवून घरी आणले. आईला सापडले. आईला, लंकाबाईला, अक्षराची ओळख नव्हती. "ह्ये काय गं?" "माझं नाव." तिनं 'मा' उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. पाचही तुकडे ओळीनं लावून दाखवले. ती बघत राहिली. "येवडं मोठं?" म्हणाली. आणि दादांना सांगितलं नाही.

चैत्र लागेपर्यंत मी वाचायला लागले. एके दिवशी दादा वर्तमानपत्र चाळत होते, मी शेजारी बसून मथळा मोठ्यानं वाचला. दादा थक्क झाले. त्यांनी दुसरा मथळा दाखवला, तोही वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुळाची एक आख्खी ढेप पाठवली. गुरुजींना.

गुरुजींनी ती ठेवून घेतली.

पाडव्याला सालगड्यांची सालं संपली. दादांनी मच्छिंद्रच्या बापाला पुढचं साल दिलं नाही. कारण सांगितलं नाही. सालगड्याला कारण सांगायची रीत नव्हती. रतनबाई डोक्यावर बोचकं घेऊन निघाली तेव्हा बाई रस्त्यापर्यंत गेल्या आणि मच्छिंद्रच्या खिशात खडूची पेटी घातली. रतनबाई बाईंशी बोलली नाही. तिच्या दृष्टीनं घर मोडलं होतं ते अक्षरांनी. तिचं चुकत होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही.

जूनमध्ये बाईंची बदली आली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डीच्याही पुढच्या कोरडवाहू भागात. कागदावर कारण होतं, ग्रामस्थांशी असहकार. तक्रारअर्जाखाली शेपटाची सही होती. निरोपसमारंभ मात्र झाला. गावाला समारंभाची हौस. दादांनी बाईंना नारळ दिला. गुरुजी पाऊण तास बोलले आणि बाईंच्या अक्षरसेवेबद्दल बोलताना त्यांनी चष्मा काढून दोनदा पुसला. एस.टी.पर्यंत पोचवायला गोजरबाई एकटी गेली. ट्रंक तिनंच डोक्यावर घेतली होती.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बाई मला कार्ड पाठवायच्या, 'कुमारी विजयमाला काकासाहेब पाटील' अशा पत्त्यावर. पोस्टमन आधी ते पारावर वाचून दाखवायचा आणि मग घरी आणायचा, त्यामुळं बाईंच्या दुष्काळाची खबर गावाला माझ्याआधी असे. एका कार्डात होतं, 'शाळेला भिंती तीन आहेत. पटावर मुलं चाळीस, वर्गात चार. बाकीची आयांबरोबर सरकारी कामावर खडी फोडायला जातात. म्हणून शाळा सुटल्यावर मीही तिकडं जाते. पाट्या नाहीत, पण दगड पुष्कळ आहेत.'

बाई दगडांवर खडूनं अक्षरं काढायच्या. पोरं आपापलं अक्षर शोधायची, शेजारी शेजारी मांडायची, शब्द करायची. भाकरीच्या सुट्टीत एवढाच खेळ. पण कामावरच्या मुकादमाच्या नजरेला ते आलं आणि त्यानं वर कळवलं की सरकारी खडीवर बेकायदा लिखाण आढळून येत आहे. दुष्काळ पडला आहे हे वर कळायला तीन महिने लागले होते. हे तीन दिवसांत कळलं. जीपमधून साहेब आले. "कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. सगळ्या पोरांनी हात वर केले. त्यांना वाटलं, अक्षर कुणाला येतं असं विचारतायत. साहेबांनी एक दगड उचलला आणि एका पोरीला दरडावलं, "काय लिहिलंय यावर?" पोरगी म्हणाली, "पा." दुसरा उचलला. "नी." साहेबांनी दोन्ही दगड शेजारी शेजारी धरून पाहिले म्हणे. मग त्यांनी लेखी हुकूम दिला: अक्षराची बाजू खाली करून खडी टाकण्यात यावी.

हुकुमाची अंमलबजावणी झाली, असं बाईंनी कार्डाच्या शेवटी लिहिलं होतं. खाली जागा उरली नव्हती म्हणून सही कडेला उभी केलेली.

त्या गावात बाई अकरा वर्षं टिकल्या. नोकरीत इतकी वर्षं एका जागी त्या कधी राहिल्या नव्हत्या. तिथले लोक भले होते असं नाही. त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहिता येईल असं गावात कुणी नव्हतं. त्यांनी शिकवलेली पहिली तुकडी मोठी झाली, लिहायला लागली, आणि मग बदली आली.

निवृत्त होऊन त्या केडगावला भावाच्या घराशेजारी खोली घेऊन राहिल्या. मी लग्न होऊन श्रीगोंद्याला गेले होते. नगरला काम निघालं की त्यांच्याकडं डोकावायची. त्यांच्या दाराला पाटी नव्हती. शेवटी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "विजयमाला, मच्छिंद्रचं पुढं काय झालं गं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. दादांच्या सुरात म्हटलं, सालगडी येतात, जातात, कुठं कुठं म्हणून लक्ष ठेवणार.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग चहा टाकायला आत गेल्या.